जप्तीची पहिली खेप

आमच्या घरची जप्ती झाली त्या दिवशी सामान खाली उतरवायला अख्खी बिल्डिंग मदतीला धावून आली होती. लोक हसत होते, जिन्यात एकमेकांना "सांभाळून, कोपरा लागेल" म्हणून सांगत होते आणि खाली कोर्टाचा बेलीफ कपाळावरचा घाम पुसत उभा होता. मला त्या दिवसाची अजून लाज वाटते. कर्जाची म्हणाल तर नाही, कर्ज आमचं नव्हतंच. लाज कशाची, ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

आम्ही आगरी. उरणच्या बाजूला आजोबांची मिठागरं होती, थोडी भातशेती होती. जमिनी गेल्या, मोबदला आला. त्यातून भाऊकीतल्या कुणी बंगले बांधले, कुणी डंपर घेतले, कुणी दोन वर्षांत उडवून मोकळे झाले. बाबांनी रोडपालीला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि तळोज्याच्या कारखान्यातली नोकरी तशीच चालू ठेवली. यावरून भाऊकीत त्यांची टिंगल व्हायची. मालक व्हायचं सोडून कार्ड पंच करतो म्हणायचे. बाबा हसायचे. पगार ठरल्या तारखेला खात्यात येतो, याचं त्यांना फार अप्रूप होतं. तोच पगार पुढे आम्हाला नडला.

बाबांचा एक चुलतभाऊ बांधकामाची कंत्राटं घ्यायचा. त्याला कळंबोलीच्या एका व्यापाऱ्याकडून सळया उधारीवर हव्या होत्या आणि व्यापाऱ्याला जामीन म्हणून पगारदार माणूस हवा होता. या काकाने सही मागितली कुठे, तर स्वतःच्या मुलाच्या हळदीत. आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी असते. मांडवात सगळी भाऊकी जमलेली, डीजे वाजतोय, व्यापारी पाहुणा म्हणून पुढच्या सोफ्यावर बसलाय आणि काका हातात कागद घेऊन बाबांच्या खांद्यावर हात टाकतोय. "दादा, तुजीच सई पायजे." हळदीच्या मांडवात नवऱ्या मुलाच्या बापाला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. बाबांनी हळदीने पिवळ्या झालेल्या हाताने सही केली. भीड भिकेची बहीण म्हणतात. पण त्या दिवशी ही बहीण चांगली नटूनथटून मांडवात मिरवत होती, तिला ओळखणार कोण?

कंत्राट बुडालं. व्यापाऱ्याने पनवेलच्या कोर्टात दोघांवर दावा लावला. आमच्या वकिलाने बाबांना आडून आडून सुचवलं की सही आपली नाहीच म्हणून सांगा, अक्षर तपासायला पाठवतील, त्यात पाच-सहा वर्षं सहज निघून जातील. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यालाच खाली बघावं लागलं. "सई माजीच हाय ना साहेब. नाय कशी म्हणू?" झालं. निकाल विरुद्ध गेला.

काकाच्या नावावर काही सापडेना. बंगला काकीच्या नावे, गाडी मुलाच्या नावे, गळ्यातली चेनसुद्धा म्हणे मेहुण्याची. हुकूमनामा दोघांवर होता आणि पैसे दोघांपैकी कुणाकडूनही वसूल करता येत होते. पगारदार माणूस दावणीला बांधलेल्या गाईसारखा. त्याला शोधत फिरावं लागत नाही. कोर्टाचा हुकूम थेट कारखान्यात गेला आणि बाबांच्या पगारातून कपात सुरू झाली. सगळा पगार घेता येत नाही, सुरुवातीची थोडी रक्कम सोडून उरलेल्याचा तिसरा हिस्सा धरतात. ऐकायला बरं वाटतं. घर चालवणाऱ्या बाईला विचारा तिसरा हिस्सा म्हणजे काय ते.

माझी आई मात्र पैशापेक्षा दुसऱ्याच गोष्टीला घाबरायची, बिल्डिंगमध्ये कळेल याला. बाबा सोसायटीचे खजिनदार होते. मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहायचं काम त्यांच्याकडे होतं आणि ते काम ते फार नेटाने करायचे. त्या माणसाचा स्वतःचा पगार कोर्टाने धरलाय हे कळलं तर लोक काय म्हणतील? हा एकच प्रश्न उशाशी घेऊन आई दोन वर्षं झोपली. "पैसा जाईल नि येईल," ती म्हणायची, "पन तुजे बाबा फल्यासमोर मान खाली घालून उबे रायले तर मला बगवनार नाय."

म्हणून आम्ही झाकत राहिलो. आगऱ्याच्या घरात मासळी नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय हे कुणीही ओळखतं. आई महिन्यातून एकदा वाटाभर मांदेली आणायची आणि दार सताड उघडं टाकून तळायची, वास चारी मजल्यांवर जावा म्हणून. एरवी बंद दाराआड पिठलं. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणींना घरी आणायचं मी बंद केलं. मी तशी तापट, घरात भांडी आपटायचे, काकाचा उद्धार करायचे. बाबा म्हणायचे, "भाऊ हाय माजा." मग मी आणखी चिडायचे.

दोन वर्षांनी कपात थांबली. वकील म्हणाले, एका हुकूमनाम्यावर पगार याहून जास्त दिवस धरता येत नाही. आम्हाला वाटलं सुटलो. आईने त्या रविवारी पापलेट आणलं, आणि दार बंद करून तळलं. खरा आनंद तिला कुणाला दाखवायचा नव्हता. पण व्यापाऱ्याचे पैसे पुरते फिटले नव्हते. पगाराची वाट बंद झाली म्हणून त्याने घरातल्या चीजवस्तूंवर वॉरंट काढलं.

ते आले तेव्हा बाबा पहिल्या पाळीला गेले होते. दारात चार माणसं. बेलीफ, व्यापाऱ्याचा दिवाणजी आणि पंच म्हणून त्यांनीच बरोबर आणलेले दोघे. खाली टेम्पो उभा. बेलीफने वॉरंट वाचायला सुरुवात केली आणि आईने पहिली गोष्ट काय केली, तर दार लोटून घेतलं. "दादा, जरा हळू वाचा." तो खरंच हळू वाचू लागला. मग ती म्हणाली, गळ्यातलं ते कार्ड तेवढं खिशात घाला. त्याने तेही घातलं. साध्या शर्टातला, पोट सुटलेला, त्या दिवशी अजून दोन ठिकाणी जायचं असलेला माणूस. त्याचा मला राग येईना, ही आणखी एक पंचाईत.

काय न्यायचं ते व्यापाऱ्याच्या माणसाने दाखवायचं असतं. दिवाणजीने बोट दाखवलं की बेलीफ लिहायचा. टीव्ही. फ्रिज. वॉशिंग मशीन. सोफा. शोकेस. आईचा हात नकळत मंगळसूत्राकडे गेला तसा बेलीफ म्हणाला, "ते नाही घेत, ताई. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, यातलं काही नाही." आईने मान हलवली. तिला वाटलं असावं, माणूस बरा आहे.

फ्रिज रिकामा करायला मला सांगितलं. मी दिवाणजीसमोर खाली बसून एकेक वस्तू काढली. अर्धं लिंबू, आदल्या दिवशीच्या आमटीची वाटी, पिशवीत गुंडाळलेलं सुकट, माझी फेशियलची डबी. परक्या माणसाने आपल्या कपाटात डोकावलं तर इतकं वाटत नाही, फ्रिजमध्ये डोकावल्यावर वाटतं. घरात काय शिजतं आणि काय शिजत नाही ते सगळं तिथे असतं.

टेम्पोवाल्यांनी सोफा उचलून बाहेर काढला आणि नेमकं समोरचं दार उघडलं. समोरच्या काकू, हातात भाजीची पिशवी. "अगंबाई, सोफा कुठे?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "कामोठ्याला. मोठा फ्लॅट घेतला ना आम्ही. ही पहिली खेप."

इतकं सफाईने खोटं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. ती एरवी गावच्या बोलीत बोलायची, हे मात्र अगदी शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध बोलली. बेलीफ फरशीकडे पाहू लागला. दिवाणजीही गप्प राहिला, दयेने की काम लवकर उरकावं म्हणून, कोण जाणे. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसं आईने त्या एका वाक्यात मूठ झाकली आणि मला वाटलं, जमलं.

पण आमची बिल्डिंग कसली आहे हे आम्ही दोघी विसरलो होतो. इथे कुणी घर बदलायला लागलं की बाकीच्यांनी हातावर हात धरून बसायचं नसतं. काकूंनी वरच्या मजल्यावर सांगितलं, वरच्यांनी खाली. दहा मिनिटांत जिना भरला. तरुण पोरं आली, दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर झालेले आजोबा सूचना द्यायला आले, कुणी दोरखंड आणला. आईने आत जाऊन बाबांना फोन लावला. दाराशी उभं राहून मी ऐकत होते. "कोर्टाची मानसा आलीत. मी सांगितलंय आपन कामोठ्याला चाललो म्हनून. कायच इचारू नका. येताना पेढे आना." मग बाबा म्हणाले असावेत, बरं. कारण आईने फोन ठेवला.

मदतीला आलेली माणसं यादी बघून मदत करत नाहीत. टीव्ही, फ्रिज झाल्यावर त्यांनी पलंगाला हात घातला. मग गाद्या. मग पाण्याचा पिंप, तांदळाचा डबा, परात. बेलीफ खाली टेम्पोजवळ एकेक वस्तू बघून म्हणायचा, "हे नको, हे राहू दे." आजोबा त्याला टेम्पोवालाच समजत होते. "अहो, जागा आहे ना गाडीत? दुसरी खेप कमी होईल बिचाऱ्यांची." बेलीफ माझ्याकडे बघायचा, मी वर गॅलरीत उभ्या असलेल्या आईकडे. ती कठडा धरून उभी होती. थांबा म्हणायचं तर का ते सांगावं लागणार होतं. जे कायद्याने नेता येत नव्हतं तेही शेजारी प्रेमाने टेम्पोत चढवत होते आणि आम्ही मायलेकी "हळू हां, हळू" म्हणत होतो. मला हसायला यायला लागलं होतं, आणि ते हसू नव्हतं.

तळमजल्याला एक मावशी राहायच्या. करंजा गावच्या कोळीण, मुलाच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या. त्यांनी वर येऊन घर पाहिलं आणि आईला झापलंच. "काय गो बाय, फ्रिज आदी जातो? देव अजून हितंच? नव्या घरात देव पयले जायाला पायजेत, मंग बाकीचा सामान." आई काहीतरी पुटपुटली. मावशींनी ऐकलं नाही. त्यांनी चपला काढल्या, हात धुतले, पदर डोक्यावर घेतला, आमचा देव्हारा आतल्या टाकांसकट छातीशी धरला आणि जिना उतरू लागल्या. जिन्यातले सगळे बाजूला झाले. कुणी तरी पाया पडलं. खाली पोरांनी टेम्पोच्या तोंडाशी जागा केली, मावशींनी देव्हारा फ्रिजला टेकवून ठेवला आणि स्वतःच्या पदराने पुसला.

बेलीफला आता राहवेना. चुकीची वस्तू गेली तर त्याच्या अंगाशी येणार होतं, शिवाय तोही देवधर्म मानणारा असणार. तो पुढे झाला आणि म्हणाला, "मावशी, देव खाली घ्या. देव जप्तीत घेता येत नाहीत."

त्याचा आवाज मोठा नव्हता. पण टेम्पोभोवती सगळे होते.

मावशी त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे. मी काय केलं असेल? मी माझ्या चपलेकडे पाहिलं. आजोबांनी खिशातून चष्मा काढून लावला, जणू काही वाचायचं होतं, आणि परत काढून ठेवला. कुणी "म्हणजे?" असंही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

मावशींनी देव्हारा पुन्हा उचलला. "मंग वर नेते," एवढंच म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या. त्यांच्या मागून एकाने परात घेतली. दोघांनी पलंग धरला. आजोबांनी, ज्यांना डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हणून बजावलं होतं, एक उशी घेतली. खाली येताना जिन्यात नुसता कलकलाट होता. वर जाताना पावलांखेरीज काही ऐकू येत नव्हतं. पोरांनी पलंग जिथे होता तिथेच लावला, गाद्या घातल्या, तांदळाचा डबा ओट्याखाली सरकवला. आई स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिने गॅलरीतून ऐकलं होतं. कुणी तिच्याशी बोललं नाही, कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं, असं तिने पुढे कितीतरी वर्षांनी मला सांगितलं.

टेम्पो गेला. आई वळली आणि म्हणाली, "बाबांना फोन लाव. पेढे आनू नका म्हनावं." मी लावला. उचलला नाही. पाळी सुटली होती, ते मोटरसायकलवर असणार. मग ती म्हणाली, "गेटवर जा. तितंच सांग."

मी गेले. लोक अजून खालीच होते, कट्ट्यावर, पार्किंगमध्ये, काही तरी बोलत. मी आले तसे गप्प झाले. बाबांची गाडी आली. हँडलला पिशवी, पिशवीत मोठा खोका. पाव किलोवर भागलं असतं, त्यांनी किलोभर आणले होते. त्यांनी हेल्मेट काढलं आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. कारखान्यापासून इथपर्यंत वाटभर त्यांनी हसू बसवत आणलं होतं. कोर्टात एका सहीला नाही म्हणायचं होतं, तेही ज्याला जमलं नाही, तो माणूस आईसाठी खोटं बोलायला तयार होऊन आला होता. मला तिथेच त्यांचा हात धरता आला असता. "बाबा," मी म्हटलं, पण ते माझ्या पुढून निघून गेले होते.

"घ्या, घ्या," त्यांनी खोका उघडला. "कामोठ्याला घर घेतला आमी."

सगळ्यात पुढे आजोबा होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पेढा उचलला आणि म्हणाले, "अभिनंदन. किती खोल्यांचं?"

"दोन," बाबा म्हणाले. मग, "अडीच."

कुणी हसलं नाही. मग समोरच्या काकू पुढे आल्या. मग पोरं, एकामागून एक. प्रत्येकाने पेढा घेतला, प्रत्येकाने काहीतरी चांगलं म्हटलं. कामोठ्यात पाणी चांगलं आहे. स्टेशन जवळ पडेल. आमच्याकडे येत जा हं. थोड्या वेळापूर्वी याच हातांनी आमच्या गाद्या वर नेल्या होत्या. मावशींनी पेढा घेऊन कपाळाला लावला आणि विचारलं, "वास्तू कदी घालताव?" बाबा म्हणाले, "पाऊस होऊन जाऊ दे." "बरा हाय," मावशी म्हणाल्या, "पावसात नको."

तो पाऊस आला आणि गेला. आम्ही कुठेच गेलो नाही. कामोठ्याच्या घराचं काय झालं, असं बिल्डिंगमधल्या एकाही माणसाने आम्हाला आजवर विचारलेलं नाही. लोकांनी हसावं, पाठीमागे बोलावं, म्हणजे आपल्यालाही त्यांचा राग करता येतो. त्यांनी आम्हाला तेवढीही सवड दिली नाही. नंतर लग्न होऊन मी खरोखरच कामोठ्याला आले, इथे शिकवण्या घेते, पण माहेरी गेले की जिना अजूनही भराभर चढते.

त्या संध्याकाळी बाबा वर आले. रिकाम्या हॉलमध्ये मधोमध उभे राहिले. सोफ्याच्या जागी फरशीवर चार चौकोनी डाग होते. त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, आणि उरलेलं सगळं जागच्या जागी आहे असं वाटून त्यांचा जीव जरा भांड्यात पडला. ते हळूच आईला म्हणाले, "झाला एकदाचा. कुनाला कायच कळला नाय."

आई भांडं विसळत होती. तिने वळून पाहिलं नाही. "नाय," ती म्हणाली.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली. त्यांनी खोका माझ्यासमोर धरला, तळाशी एक पेढा उरला होता. "तुज्यासाटी ठेवला." ते बघत होते, म्हणून मी तो उभ्यानेच खाल्ला आणि छान आहे म्हणाले.